इंग्रजीच्या पेपरात तिचं मत

सप्टेंबर २०२३ मधली गोष्ट. चिंचणीत आमच्या वस्तीच्या विहाराला लागून एक खोली आहे. वर पत्रा, दोन पंखे, एक जुना संगणक. तिला आम्ही अभ्यासिका म्हणतो. तिथे बसून मी एका मुलीचा इंग्रजी निबंध तपासत होते आणि तपासता तपासता एका अख्ख्या परिच्छेदावर लाल पेनाने आडवी रेघ मारली. त्या परिच्छेदात व्याकरणाची चूक एकच होती, तीही एक 'द' राहून गेल्याची. रेघ मारली ती तिचं मत मला पटलं नाही म्हणून.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आता लिहिते आहे, कारण आपले कितीतरी कार्यकर्ते ठिकठिकाणच्या विहारांत, अभ्यासिकांत मुलामुलींना परदेशी शिष्यवृत्तीसाठी, नर्सिंगच्या नोकरीसाठी इंग्रजीच्या परीक्षेला बसवत आहेत. चांगलं काम आहे. पण माझ्या हातून जे झालं ते त्यांच्याही हातून होत असणार, याची मला जवळजवळ खात्री आहे.

मुलगी वारली समाजातली. वाणगावच्या बाजूच्या एका पाड्यावरची. आईवडील चिकूच्या वाडीत मजुरीला. ती आश्रमशाळेत शिकली, बी.एस्सी. नर्सिंग केलं आणि कंत्राटी नर्स म्हणून लागली. तिला इंग्लंडला सार्वजनिक आरोग्य या विषयात एम.एस्सी. करायचं होतं, सरकारी परदेशी शिष्यवृत्तीवर. विद्यापीठाची अट होती आयईएलटीएस या परीक्षेत, जिला सगळे आयल्ट्स म्हणतात, एकूण ६.५ बँड आणि कुठल्याही एका भागात ६ च्या खाली नको.

ती माझ्याकडे आली, कारण अभ्यासिकेची किल्ली माझ्याकडे असते. मी काही इंग्रजीची शिक्षिका नव्हे. मराठी माध्यमातून शिकले, समाजशास्त्रात एम.ए. केलं, ही परीक्षा स्वतः एकदा दिली होती आणि ६ वर अडकले होते. अर्ध्या बँडासाठी माझं परदेशी शिक्षण राहिलं. पुन्हा बसायला फीचे पैसे नव्हते. त्यामुळे तिला शिकवताना माझा जुना हिशोबही मी मनात मांडत होते, हे आता कळतं.

आधी पैशाचं सांगते, कारण सुरुवात तिथेच होते. शिष्यवृत्ती मिळते प्रवेशावर. प्रवेश मिळतो इंग्रजीच्या निकालावर. निकाल मिळतो फी भरून. म्हणजे गरिबासाठीच्या योजनेच्या दारात पोचायलाच गरिबाने खिशातून पैसे घालायचे. तेव्हा फी सोळा हजारांच्या वर होती. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर होता दिवसाला २७३ रुपये. म्हणजे एका परीक्षेसाठी साठेक दिवस माती उपसायची, आणि कायदा तेव्हा हमी देत होता वर्षाला शंभर दिवसांची. घरी बसून संगणकावर देता येणाऱ्या स्वस्त परीक्षा आहेत, ड्युओलिंगोची आहे. पण तिथे बंद शांत खोली लागते, खोलीत दुसरं माणूस चालत नाही, कॅमेरा सतत चालू लागतो, इंटरनेट तुटता कामा नये. एका खोलीत सहा माणसं राहणाऱ्या घरातून ती परीक्षा कशी द्यायची?

मग पासपोर्ट. भारतात आयल्ट्सला ओळखपत्र म्हणून पासपोर्टच लागतो. तिचं आडनाव शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि नर्सिंगच्या नोंदणीत तिसऱ्याच स्पेलिंगचं. वडिलांनी कधी सही केलेली नाही. ज्याने ज्याने नाव लिहून घेतलं त्याने त्याने आपल्या कानाने लिहिलं. चिंचणीत सापडलेल्या राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांची मला त्या वेळी आठवण झाली. दहाव्या शतकातला एक ताम्रपट आहे, इंद्र तिसऱ्याच्या काळचा. त्यात संजाणचा कारभार बघणारा एक अरब अधिकारी येतो, मुहम्मद नावाचा. संस्कृतात लिहिणाऱ्याने त्याला 'मधुमती' करून टाकलं. तो तर मोठा अधिकारी होता, त्याचं काही अडलं नसेल. आमच्या मुलीचे दोन महिने त्या स्पेलिंगमध्ये गेले.

आता भाषेचं. २०११ च्या जनगणनेत डहाणू तालुक्यात दर तिघांमागे दोन माणसं आदिवासी आहेत, तलासरीत दहांत नऊ. इथल्या मराठी शाळेला आपण 'मातृभाषेतली शाळा' म्हणतो. कुणाची मातृभाषा? चिंचणीच्या बाजारात अर्धा तास उभे राहा. वाडवळी, मांगेली, गुजराती, वारली, सगळं कानावर पडतं. पुस्तकातली मराठी त्यातल्या कुणाच्याच घरात बोलली जात नाही. ही मुलगी पहिलीत गेली तेव्हा 'आहे' आणि 'नाही' तिथपासून तिला नवी भाषा शिकावी लागली. पाड्यावरचा शब्द तोंडून गेला की वर्ग हसायचा, कधी कधी गुरुजीही. म्हणजे इंग्रजी ही तिची तिसरी भाषा, आणि परक्या भाषेत तोंड उघडलं की हसं होतं हा धडा तिने दुसऱ्या भाषेतच गिरवलेला. मातृभाषेच्या नावाने गळा काढणाऱ्या शहरी विद्वानांची मुलं कुठल्या माध्यमात शिकतात हे आपण जाणतोच, त्यावर वेगळं लिहीन. इथे एवढंच, की ती गप्प बसायची ती इंग्रजी येत नाही म्हणून नव्हे. शाळेने तिला गप्प बसणं शिकवलं होतं.

परीक्षेचे चार भाग. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं. ऐकण्याचे चाळीस प्रश्न, आवाज एकदाच ऐकवतात. वाचनाचे तीन उतारे, चाळीस प्रश्न, एक तास. हे दोन भाग तिने झपाट्याने उचलले. रुग्णांचं तिकडून आलेलं बोलणं ऐकून इकडे डॉक्टरांना सांगायचं, ही तिची रोजची सवय. तिथे चुका व्हायच्या त्या अनेकवचनाच्या 'एस'च्या, नाहीतर 'थर्टीन' आणि 'थर्टी'च्या. सराव केला, गेल्या.

वाचनात एक प्रकार आहे: दिलेलं विधान उताऱ्यानुसार बरोबर, चूक, की 'नॉट गिव्हन', म्हणजे उताऱ्यात तसं काही म्हटलेलंच नाही. आपल्या मुलांना हा तिसरा पर्याय जड जातो. शाळेत प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतंच, ते पुस्तकात असतंच. तिला मात्र हा प्रकार फार आवडला. एकदा मी तिला आपल्याच एका ग्रुपवर आलेलं सुवचन दाखवलं, खाली बाबासाहेबांचं नाव. तिने विचारलं, "ताई, हे कुठल्या पुस्तकात आहे?" मी शोधलं. सापडेना. ती म्हणाली, "नॉट गिव्हन." वाचकहो, आपल्या मोबाइलमधली सुवचनं या चाळणीतून घालून बघा. इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर होते, आणि त्यांनीच जोतिबांची टिंगल केली होती, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

अडलं ते लिहिण्यात आणि बोलण्यात.

लेखनात दोन प्रश्न. पहिल्यात आलेख किंवा तक्ता बघून १५० शब्द. दुसऱ्यात एका वादाच्या विषयावर २५० शब्दांचा निबंध, त्याला दुप्पट वजन. त्यात स्पष्ट विचारतात: तुमचं मत काय? तुम्ही कितपत सहमत आहात? बोलण्याच्या परीक्षेत समोर माणूस बसतो, अकरा ते चौदा मिनिटं. मधल्या भागात एक कार्ड देतात, एक मिनिट विचार करायला आणि दोन मिनिटं सलग बोलायला. विषय तुमच्या आयुष्यातले: तुमचं गाव, तुम्हाला आवडलेलं माणूस, तुम्ही वाट पाहिलीत असा एखादा प्रसंग.

म्हणजे परीक्षा जे मागते ते हेच, तुमचं मत आणि तुमचं आयुष्य. आणि आपल्या लेकरांना लहानपणापासून नेमक्या याच दोन गोष्टी झाकायला शिकवलेलं असतं. मत मांडलं तर उद्धट. आयुष्य सांगितलं तर कीव नाहीतर हसू.

मी काय केलं? शहरातल्या एका क्लासच्या झेरॉक्स नोट्स आणल्या. त्यात पाठ करायची उत्तरं होती. गाव विचारलं तर एक सुंदर समुद्रकिनारी शहर. वाट पाहण्याचा प्रसंग विचारला तर नवा मोबाइल घरपोच येण्याची वाट. आवडता प्रवास, तर मनालीचा. ती कधी मनालीला गेली नव्हती. मी सांगितलं, "पाठ कर, विचारतंय कोण." तिने पाठ केलं. आश्रमशाळेत सगळं पाठच केलं होतं.

आणि निबंधाचं ते लाल रेघेचं प्रकरण. विषय होता: जगातल्या लहान भाषा नाहीशा होत आहेत, त्या वाचवायला सरकारने पैसा खर्च करावा का? माझ्या डोक्यात उत्तर तयारच होतं. भाषा म्हणजे अस्मिता, भाषा मेली की संस्कृती मरते, सरकारने खर्च केलाच पाहिजे. तिने लिहिलं होतं की पैसा थोडाच असेल तर तो आधी उपकेंद्रात रात्री राहणाऱ्या नर्सवर खर्च करावा. माणसं जगली तर भाषा बोलतील.

मला राग आला. वारली मुलगी, आणि वारली भाषेबद्दल असं लिहिते? हिच्यात जाणीवजागृती नाही. मी रेघ मारली आणि समासात माझा युक्तिवाद लिहून दिला. तिने काही न बोलता तो पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरवून काढला. पुढच्या दोन महिन्यांत तिचे सगळे निबंध माझ्या मतांचे झाले. मी खूश होते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईला परीक्षा दिली. बोलण्यात ५.५. लिहिण्यात ५.५. बाकी दोन्हीत ६.५. एकूण ६, म्हणजे माझीच जागा. अर्ध्या बँडाने घर बुडालं.

त्या संध्याकाळी ती वही घेऊन आली. रडली वगैरे नाही. वही उघडून एकेका निबंधावर बोट ठेवत गेली. "ताई, हे तुमचं. हेपण तुमचं. हे क्लासचं. परीक्षेत विषय थोडा वेगळा आला, तेव्हा तुम्ही काय म्हणाला असता ते आठवत बसले. वेळ त्यात गेला."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर मी परीक्षेचे छापील निकष पुन्हा नीट वाचले. लेखनाला चार निकष आहेत: प्रश्नाला दिलेलं उत्तर, मांडणीची सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण. मत कुठलं असावं हे त्यात कुठेही नाही. मत स्पष्ट आहे का, ते शेवटपर्यंत टिकवलं का, त्याला आधार दिला का, एवढंच बघतात. पाठ केलेलं उत्तर परीक्षकाला ओळखू येतं आणि त्याचे गुण जातात. त्या परदेशी परीक्षकाला तिचं मत चाललं असतं. ते खोडलं मी, शोषितांच्या आवाजाबद्दल दर चौदा एप्रिलला भाषण करणाऱ्या बाईने.

परीक्षेचं कौतुक करायचा माझा इरादा नाही. भाषेची परीक्षा हे दार बंद करायचं जुनं हत्यार आहे. ऑस्ट्रेलियाने १९०१ साली कायदा केला, त्यात येणाऱ्याला कुठल्याही युरोपीय भाषेत पन्नास शब्दांचं श्रुतलेखन घालता यायचं. गोऱ्या नसलेल्या माणसाला मुद्दाम त्याला न येणारी भाषा निवडून द्यायची आणि नापास करायचं. पन्नासेक वर्षं हा खेळ चालला. आजची परीक्षा तशी नाही, तिचे नियम छापलेले आहेत आणि सगळ्यांना सारखे आहेत. पण सोळा हजार रुपये, पासपोर्ट, शांत खोली, हेडफोन, या गोष्टी सगळ्यांकडे सारख्या नाहीत. दार नियमाने उघडं असलं तरी त्याची पायरी उंचच आहे.

दुसऱ्यांदा फीचा प्रश्न आला तेव्हा आम्ही वस्तीत बैठक घेतली. जयंतीच्या वर्गणीतले काही पैसे शिल्लक होते. एक-दोघांनी विचारलं, आपल्या पैशातून दुसऱ्या समाजाच्या मुलीला कशाला? आपली मुलं नाहीत का? प्रश्न वाईट हेतूने विचारलेला नव्हता. आपली मुलंही बसायची आहेत आणि पैसे थोडेच आहेत. कोपऱ्यात बसलेले एक म्हातारे बाबा म्हणाले, "बाबासाहेबांची फी काय आपल्या वस्तीने भरली होती?" १९१३ साली कोलंबियाला पाठवलं ते बडोद्याच्या सयाजीरावांनी, महिना साडेअकरा पौंडांवर. १९२० साली लंडनचं शिक्षण पुरं करायला मदत केली ती शाहू महाराजांनी, आणि कर्जाऊ पैसे दिले नवल भथेना या पारशी मित्राने. बैठकीत पुढे फार चर्चा झाली नाही. कुणी शंभर घातले, कुणी पाचशे.

मग शिकवण्याची पद्धत बदलली. पद्धत म्हणजे काही मोठं नाही. विषय आला की आधी इंग्रजी नाही. आधी ती तिच्या भाषेत, नाहीतर मराठीत, मत सांगायची. मी फक्त विचारायचं: का? मग: कशावरून? मग: समोरचा काय म्हणेल? तीन प्रश्नांच्या पलीकडे माझं तोंड बंद. पहिले आठ दिवस मला फार जड गेले. बोलायची सवय आपल्याला, ऐकायची नाही.

भाषा वाचवण्याचा तोच विषय मी पुन्हा दिला. या वेळी ती बोलत गेली तसं तिचं म्हणणं पुढे सरकलं. तिच्या आजीला दवाखान्यात काय दुखतंय ते सांगता येत नाही. जे सांगते ते तिथे कुणाला कळत नाही, म्हणून आजी दुखणं अंगावर काढते. तेव्हा भाषेवर खर्च करायचाच तर शब्दकोश आणि महोत्सव यांच्या आधी, त्या भाषेत रुग्णाला विचारणारी नर्स नेमा. भाषा वापरात राहील आणि माणूसही वाचेल. माझं 'अस्मिता' या एका शब्दावर उभं असलेलं मत आणि तिचं हे मत शेजारी ठेवून बघा. आणि मी तिला जाणीवजागृती शिकवायला निघाले होते.

मत असलं की व्याकरण आपोआप येतं असं मात्र समजू नका. तो दुसरा भ्रम. सुभेदार रामजींनी बाबासाहेबांकडून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोटून घेतली होती. घोटल्याशिवाय भाषा येत नाही. आम्ही मराठी बोलणाऱ्यांच्या ठरलेल्या चुकांची यादी भिंतीवर लावली. आपल्याकडे 'जरी' आलं की 'तरी' येतंच, म्हणून आपण इंग्रजीत 'ऑलदो' लिहिल्यावर पुढे 'बट' घालतो. तिथे दोन्ही चालत नाहीत. 'गेली तीन वर्षं' याचं आपण 'सिन्स थ्री इयर्स' करतो, तिथे 'फॉर' हवं. 'इन्फर्मेशन'ला 'एस' लावायचा नाही. 'अ' आणि 'द' आपल्या भाषेत नाहीतच, त्यामुळे ते कानाने पकडावे लागतात, नियमाने फार हाती लागत नाहीत. रोज एक निबंध, चाळीस मिनिटं घड्याळ लावून. लाल पेन मी तेवढ्यासाठीच ठेवलं.

बोलण्याचा सराव समुद्रावर. अभ्यासिकेत लहान मुलं ऐकत बसतात आणि ती लाजायची. संध्याकाळी सुरूच्या झाडांकडून चालायला लागायचं, मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू, दोन मिनिटं थांबायचं नाही. एका संध्याकाळी मी तेच वाट पाहण्याचं कार्ड दिलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग मामाबद्दल बोलायला लागली.

आपल्या भागातले कितीतरी आदिवासी तरुण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात, वेरावळ, पोरबंदर, ओखा. ऑगस्टला जायचं, मे महिन्यात परत. बोट हद्दीच्या पलीकडे गेली की पाकिस्तानी सुरक्षा दलं पकडतात, आणि मग कराचीचा तुरुंग. मालक दुसरी बोट घेतो. पाड्यावरचं घर वाट बघतं. तिचा मामा असा गेला होता. २०२३ च्या मे-जूनमध्ये पाकिस्तानने शेकडो भारतीय मच्छीमार सोडले, त्यात तो परतला. वाट बघताना आजी काय करायची, बातमी कशी आली, मामा दारात उभा राहिला तेव्हा कुत्रं कसं भुंकलं, हे सगळं ती इंग्रजीत सांगत गेली. अडखळली, पण मागे फिरली नाही. भूतकाळाची रूपं, ज्यांच्यासाठी आम्ही चार दिवस डोकं फोडलं होतं, जवळजवळ सगळी बरोबर आली. दोन मिनिटं झाली हे सांगायचं मला सुचलंच नाही.

नंतर मी तिला एक सांगितलं, आणि इथेही सांगते, कारण आता दुसरी चूक होण्याचा धोका होता. हे परीक्षेत सांगायलाच हवं असं नाही. समोरच्या अनोळखी माणसाचा तुझ्या घरच्या दुःखावर हक्क नाही. आजकाल शिष्यवृत्तीच्या अर्जांमध्येसुद्धा मुलांना आपापली हलाखी रंगवून लिहायला लावतात, आणि आपणही त्यांना म्हणतो, "अजून थोडं दुःख घाल." मनालीचं पाठ केलेलं उत्तर जितकं उसनं, तितकंच हे विकलेलं. कार्डावर काय सांगायचं ते तिचं तिने ठरवायचं. ती म्हणाली, "बघते."

त्या दिवसांत बाबासाहेबांचा 'भारतातील जाती' हा निबंध मी पुन्हा वाचला. ९ मे १९१६, कोलंबियात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात वाचलेला. वय पंचवीस. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले, केतकर, जातिव्यवस्थेवर लिहिणारी त्या काळातली मोठी नावं एकेक घेऊन तो तरुण सांगतो की यांच्या व्याख्या कुठे अपुऱ्या पडतात, आणि मग स्वतःची मांडणी करतो. त्यांच्या इंग्रजीचं कौतुक आपण खूप ऐकतो. पण त्या इंग्रजीत ते काय करत होते? असहमत होत होते. आणि तोच माणूस १९२० च्या जानेवारीत 'मूकनायक' मराठीत काढतो. कुणाशी कुठल्या भाषेत भांडायचं हे त्यांचं ठरलेलं होतं. २०२२ साली केंद्राच्या परदेशी शिष्यवृत्तीच्या नियमांतून भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतीय समाजाचा अभ्यास हे विषय वगळले गेले, तेव्हा आपण संतापलो. बाहेर जाऊन आपल्या समाजाबद्दल आपलं मत मांडायला सरकारी पैसा मिळणार नाही, असा त्याचा अर्थ होता. मीही निषेधाच्या पत्रकावर सही केली होती. आणि पुढच्याच वर्षी अभ्यासिकेत तीच मनाई मी लाल पेनाने केली.

मार्च २०२४ मध्ये ती दुसऱ्यांदा बसली. पहाटे वाणगावहून गाडी पकडून गेली, मी सोबत होते. बाहेर आली तेव्हा मी विचारलं, मामाबद्दल बोललीस? नाही म्हणाली. दुसऱ्यांना मदत करणाऱ्या माणसाबद्दल कार्ड आलं होतं. ती पाड्यावरच्या आशाताईबद्दल बोलली. पावसात बाळंतिणीला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणायची त्या बाईची हिकमत. परीक्षकाने पुढे विचारलं, अशा कामाला सरकारने पगार द्यावा की मानधन? "मग मी भांडलेच," ती हसत म्हणाली.

बोलण्यात ७. ऐकण्यात ७. वाचनात ६.५. लिहिण्यात ६, तिथे 'द'ने पुन्हा घात केलाच. एकूण ६.५.

सप्टेंबर २०२४ मध्ये ती गेली. पहिल्या आठवड्यात फोन आला की तिथल्या बसवाल्याचं इंग्रजी तिला अजिबात कळत नाही, आयल्ट्सच्या रेकॉर्डिंगमध्ये असा माणूस कुठेच नव्हता.

आता अभ्यासिकेत तिघं जण बसतात. दोन आपल्या वस्तीतले, एक मुलगी तलासरीकडची. रविवारी सकाळी दहा ते एक. ज्यांना मुलं पाठवायची असतील त्यांनी आधी दोन कामं करून घ्यावीत: शाळेचा दाखला, आधार आणि गुणपत्रिका यांवरचं नाव एकसारखं करून घ्या, आणि पासपोर्टचा अर्ज आजच टाका, निकालानंतर नाही. मुलीचा जुना निबंध, माझ्या लाल रेघेसकट, मी खोलीच्या भिंतीवर लावला आहे. शिकवायला येणाऱ्याने तो आधी वाचावा. आणि कुणाकडे चालू हेडफोन पडून असतील तर आणून द्या, आमच्याकडे तिघांत एकच आहे आणि त्याचा डावा कान गेला आहे.

जय भीम. जोहार.